दारुहळदीच्या मुळावर उठलेली मागणी

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी दारुहळद ही हळद नव्हे आणि मद्याशीही तिचा काही संबंध नाही. संस्कृतात ‘दारु’ म्हणजे लाकूड. देवदाराच्या नावातही हाच शब्द आहे. तोडल्यावर लाकूड हळदीसारखे पिवळे दिसते, म्हणून ती दारुहळद.

‘बर्बेरिस अरिस्टाटा’ हे शास्त्रीय नाव असलेले हे काटेरी झुडूप हिमालयात साधारणतः २००० ते ३००० मीटर उंचीवर वाढते. कुमाऊंत त्याला किल्मोडा, तर गढवालात किंगोड म्हणतात. त्याची जांभळी, आंबटगोड फळे तेथील मुले काट्यांची पर्वा न करता खातात.

औषध मात्र मुळांत आणि लाकडात असते. त्यांचे तुकडे पाण्यात उकळून काढा गाळतात व तो आटवत नेतात. शेवटी उरणारा काळपट, घट्ट अर्क म्हणजे रसांजन. उत्तरेत त्यालाच रसौत म्हणतात. आयुर्वेदातील जुन्या कृतीत काढ्यात दूध घालून तो आटवला जातो. डोळे येणे, मूळव्याध व चिघळलेल्या जखमा यांवर पिढ्यान् पिढ्या त्याचा वापर होत आला. चरकसंहितेत दारुहळदीचा समावेश मूळव्याध आणि खाज यांवरील औषधींच्या गणांत आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांचे भारतीय ‘लायसियम’ म्हणजे हाच अर्क होय, असे मत सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले जॉन फोर्ब्ज रॉयल यांनी १९ व्या शतकात मांडले होते.

लाकडाचा पिवळेपणा आणि बराचसा औषधी गुण ‘बर्बेरीन’ या अल्कलॉइडचा आहे. त्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल घटत असल्याचे चिनी संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवून दिले. मात्र नैसर्गिक आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही. नवजात बालकाची कावीळ त्याने बळावू शकते, त्यामुळे गर्भवती व स्तनदा मातांना ते वर्ज्य आहे. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घरी आटवलेला अर्क निर्जंतुक नसल्याने तो डोळ्यांत घालणेही धोक्याचे आहे.

बर्बेरीन मुळांत अधिक असते, म्हणून बाजाराला मूळच हवे असते. खोड छाटले तर झुडूप पुन्हा फुटते. मूळ खणले की ते संपते. वास्तविक भारतीय आयुर्वेदिक औषधीकोशाने दारुहळदीचे खोडच औषधी भाग म्हणून नोंदले आहे. तरीही खोदाई थांबलेली नाही.

दक्षिण भारतात याच नावाने पश्चिम घाटातील ‘कॉसिनियम फेनेस्ट्रेटम’ ही वेल विकली जाते. तिच्यातही बर्बेरीन आहे. पण तीही जंगलातूनच तोडून आणली जाते आणि आता तीही दुर्मीळ झाली आहे.