बायोस बदलल्यावर मंदावलेला संगणक

मदरबोर्डाच्या बायोसची नवी आवृत्ती यथासांग बसवावी, संगणक विनातक्रार सुरू व्हावा आणि तरीही काल अस्खलित चालणारा खेळ आज पावलोपावली अडखळू लागावा, तेव्हा ग्राफिक्स कार्डच निकामी झाले असा ग्रह होणे स्वाभाविक असले तरी तो बहुधा चुकीचा ठरतो. कारण या बदलात बायोसमधील आपला सारा जुना बंदोबस्त पुष्कळदा रद्द होऊन कारखान्याची मूळ तजवीज पुन्हा अमलात येते.

सर्वांत मोठा फटका रॅमला बसतो. 3200 वेगाची डीडीआर4 रॅम, तिला जाहीर वेगाने चालविणारा एक्सएमपी हा पर्याय बंद होताच, बहुधा 2133 किंवा 2400 वर उतरते, आणि प्रोसेसरवर अधिक भार टाकणाऱ्या खेळांत ही उणीव तत्काळ जाणवते. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात 'मेमरी' उघडून 'स्पीड'समोरचा आकडा वाचावा. तो कमी दिसल्यास बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा चालू करावे. प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सारी मेमरी एकदम वापरू देणारा रिसायझेबल बार हा पर्याय व पंख्यांची व्यवस्थाही त्याच वेळी तपासावी.

क्वचित दोष खुद्द फर्मवेअरचा असतो. काही रायझन संगणकांत सुरक्षेसाठी असलेले एफटीपीएम मदरबोर्डावरील फ्लॅश मेमरीशी व्यवहार करीत असता सारा संगणक क्षणभर थिजतो, हे एएमडीने मार्च 2022 मध्ये मान्य केले. त्यावरचा इलाजही नव्या बायोसमधूनच आला. म्हणूनच जुनी आवृत्ती परत बसविण्याची घाई मला गैर वाटते, विशेषतः इंटेलच्या 13व्या व 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत, कारण अवाजवी व्होल्टेजला आवर घालणारा मायक्रोकोड त्यांना 2024 साली बायोसमार्फतच मिळाला.