घरचा धंदा केव्हा वाढवावा?



ज्या शाळेने मला पाढे शिकवले, तिच्याच अंगणात हिशेबाविषयी बोलण्याचा योग गुरुजींच्या या स्मृतिव्याख्यानामुळे आला, हे मी माझे भाग्य समजतो.

दापोरा आणि केळी यांचे नाते येथे सांगावयास नको. माझ्या वडिलांचा कच्च्या केळीच्या वेफर्सचा घरगुती धंदा होता. आई काप तळी, दादा पाकिटे भरी आणि बऱ्हाणपुरातील चारदोन दुकाने माल घेत. माल हातोहात संपू लागला, तसे वडिलांनी कर्ज काढून मोठे यंत्र आणले. उत्पादन चौपट झाले. गिऱ्हाईक मात्र होते तेवढेच राहिले. मग माल खपवण्यासाठी खंडवा-भुसावळपर्यंत उधारी सुरू झाली.

आता पाढ्यांकडे वळू. रोज शंभर रुपयांचा माल दोन महिन्यांच्या उधारीवर दिला, तर बाजारात सहा हजार रुपये सदैव अडकून राहतात. माल चौपट करा, चोवीस हजार अडकतील. वहीत नफा दिसतो आणि तेलाचा डबा आणायला पैसे नसतात! अडीच वर्षांत आमचे यंत्र विकले गेले.

वडिलांचे चुकले कोठे, याचा उलगडा मला पुढे विकोच्या इतिहासाने झाला. केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवीत. (१९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती, तेव्हा त्यांना परके मानण्याचे कारण नाही.) पुढे मुंबईस जाऊन १९५२ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी परळच्या लहानशा जागेत वनौषधींच्या दंतमंजनाचा उद्योग आरंभिला. ते आणि त्यांचे पुत्र घरोघर जाऊन मंजन विकत. दारात उभ्या राहिलेल्या विक्रेत्यास गृहिणी जे प्रश्न विचारते, ते कोणताही घाऊक व्यापारी कारखानदारास कळवीत नाही. ही पायपीट म्हणजेच त्यांचे बाजारशिक्षण होते, असे माझे मत आहे.

हळदीची क्रीम बाजारात आली ती १९७५ साली, म्हणजे पहिल्या मालानंतर तेवीस वर्षांनी. त्या काळी चेहऱ्यावर लावण्याची क्रीम म्हणजे पांढरीशुभ्र, अशीच ग्राहकाची समजूत होती. हळदीने तोंड पिवळे होईल, ही भीती साहजिक होती. तेव्हा विक्रेते आरसा बरोबर नेत आणि क्रीम लावून तोंड पाहण्यास सांगत. शंका जेथे होती तेथेच तिचे निरसन! पुढे चित्रपटगृहांतील जाहिराती आल्या, आणि १९८४ साली दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकत्वही त्यांनी स्वीकारले. मोठा खर्च केला, पण तो समजूत घालण्याची रीत हाती आल्यानंतर.

कुटुंबाच्या मालकीचे बळ आणखी एका प्रकरणात दिसते. ही क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, असा वाद उत्पादन शुल्क खात्याने १९७८ च्या सुमारास उपस्थित केला. प्रसाधन ठरले असते तर कर कितीतरी वाढला असता. दोन दशकांहून अधिक काळ हे कुटुंब लढत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकले. दरवर्षी लाभांश मागणारे भागधारक डोक्यावर असते, तर इतका धीर टिकला असता की नाही, याची मला शंका वाटते.

परंतु हाच धीर हट्टही होऊ शकतो, कारण घरात मालकाला अडवणारे कोणी नसते. आमच्याकडे उधारीची वही वडिलांखेरीज कोणी उघडत नसे. आईने एकदाच विषय काढला होता. शाळेजवळच्या दुकानात मुले आपलेच पाकीट मागतात, दुसरे दिले तर परत करतात; आधी तशी आणखी दुकाने शोधावीत, असे तिचे म्हणणे होते. वडिलांनी ते हसण्यावारी नेले आणि दुसऱ्याच दिवशी ते भुसावळच्या गाडीत बसले.