आकाशातील निषिद्ध सीमा आणि लेसरचा इशारा

रेल्वेच्या फाटकावर लाल दिवा दिसला की गाडीवान बैलांचा कासरा आवरतो. त्याला कायद्याचे कलम वाचून दाखवावे लागत नाही. जमिनीवर सीमा दाखविणे तसे सोपे असते. तेथे कुंपण घालता येते, फलक लावता येतो, पहारेकरी उभा करता येतो. आकाशात यांपैकी काहीच शक्य नाही. तेथील सीमा केवळ नकाशावर असते. वाट चुकलेल्या वैमानिकाला खाली शेते, रस्ते आणि नद्याच दिसतात. आपण निषिद्ध क्षेत्रात शिरलो आहोत हे त्याला कळावे कसे, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेच्या राजधानीत लेसर किरणांच्या साहाय्याने शोधण्यात आले. त्याचा परिचय उद्बोधक ठरेल.

काही मिनिटांचा प्रश्न

दिनांक ११ मे २००५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास वॉशिंग्टन शहरात एकच धावपळ उडाली. व्हाइट हाऊस, संसद भवन आणि सर्वोच्च न्यायालय ही ठिकाणे तातडीने रिकामी करण्यात आली. कारण होते सेस्ना १५० जातीचे एक लहानसे दोन आसनी विमान. पेनसिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालेले हे विमान वाट चुकून राजधानीच्या निषिद्ध क्षेत्रात शिरले आणि व्हाइट हाऊसपासून सुमारे तीन मैलांच्या अंतरापर्यंत येऊन पोहोचले. त्यात एक वैमानिक आणि एक शिकाऊ वैमानिक असे दोघेच होते. दोघांच्याही मनात कोणताही वाईट हेतू नव्हता. लढाऊ विमानांनी झेप घेतली, प्रकाशगोळे सोडले. अखेर ते विमान वळले आणि मेरीलँडमधील फ्रेडरिक येथे सुखरूप उतरविण्यात आले.

वॉशिंग्टनभोवती सुमारे तीस सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ५५ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र विशेष नियमांखाली आहे, आणि त्याच्या आतील भागात तर निर्बंध अधिकच कडक आहेत. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारे छोटे विमान बाहेरच्या सीमेपासून मध्यापर्यंत सुमारे अठरा मिनिटांत पोहोचते. एवढ्या अवधीत संरक्षण अधिकाऱ्यांना ठरवावे लागते की, हा शत्रू आहे की भांबावलेला प्रवासी? चूक एका बाजूने झाली तर राजधानीवर आपत्ती ओढवेल. दुसऱ्या बाजूने झाली तर निरपराध माणसे प्राणास मुकतील.

ही भीती काल्पनिक नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले. आपण वाट चुकलो आहोत आणि लढाऊ विमान आपल्या पाठीशी आहे, याची विमानचालकांना जाणीवच नव्हती, असा निष्कर्ष पुढे १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौकशीत निघाला. या दुर्घटनेनंतर १९८४ मध्ये शिकागो करारात नवे कलम घालण्यात आले. उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालविण्यापासून राष्ट्रांनी परावृत्त राहावे, हे त्या कलमाने स्पष्ट केले. शस्त्र चालवावयाचे नसेल तर इशारा प्रभावी हवा, हे ओघानेच आले.

इशाऱ्याच्या जुन्या रीती

वैमानिकाशी बोलण्याचे पहिले साधन रेडिओ होय. १२१.५ मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता संकटकाळासाठी जगभर राखून ठेवलेली आहे. परंतु वाट चुकलेल्या वैमानिकाचा रेडिओ बहुधा भलत्याच कंप्रतेवर असतो, किंवा बिघडलेला तरी असतो. दुसरा उपाय म्हणजे लढाऊ विमानाने जवळ जाऊन पंख हलवून "माझ्यामागे ये" असे सांगणे. पण लहान विमानाइतक्या संथ गतीने लढाऊ विमानाला उडता येत नाही. म्हणून वॉशिंग्टन परिसरात २००६ पासून तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांकडेही हे काम सोपविण्यात आले. तथापि विमान किंवा हेलिकॉप्टर उडून जवळ पोहोचेपर्यंत मोलाची मिनिटे खर्ची पडतात. प्रकाश मात्र क्षणार्धात पोहोचतो.

प्रकाशाने बोलण्याची रीत वैमानिकांना नवी नाही. रेडिओ बंद पडलेल्या विमानाला विमानतळाच्या मनोऱ्यावरून लाल-हिरव्या दिव्यांनी आज्ञा देण्याची पद्धत फार जुनी आहे. लेसरने याच भाषेला दूरवरचा आवाका दिला.

यंत्रणा चालते कशी?

उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या, अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त 'नोराड' या संघटनेने २१ मे २००५ पासून ही यंत्रणा वापरात आणली. वर सांगितलेल्या घटनेनंतर अवघ्या दहा दिवसांनी ती सुरू झाली असली, तरी तिची सिद्धता आधीपासूनच चालू होती.

प्रथम रडार अनधिकृत विमानाचा ठावठिकाणा सांगते. मग जमिनीवरील कॅमेरे ते विमान हेरून त्यावर नजर खिळवतात. त्यानंतर लेसरचा झोत विमानाच्या दिशेने सोडला जातो आणि वैमानिकाला ठरावीक क्रमाने उघडमीट करणारा प्रकाश दिसतो : लाल, लाल, हिरवा. शहरातील असंख्य दिव्यांत हा क्रम वेगळा ओळखू येतो. भर दिवसाही तो दिसू शकतो. शिवाय झोत अरुंद असल्याने ज्याला उद्देशून इशारा दिला त्यालाच तो दिसतो. नियमाने चाललेल्या इतर विमानांचा गोंधळ होत नाही.

येथे लेसरचेच प्रयोजन काय, असे कोणी विचारील. साध्या दिव्याचा प्रकाश चोहीकडे पसरतो आणि दूर जाता जाता क्षीण होतो. लेसरचे किरण एकाच रंगाचे व जवळजवळ समांतर असल्याने थोड्या शक्तीतही ते कित्येक मैल ठळक राहतात. १९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी ज्याचे तत्त्व मांडले आणि १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून जो प्रथम प्रत्यक्षात आणला, तोच हा प्रकाश.

असा इशारा दिसताच वैमानिकाने काय करावयाचे, हेही ठरलेले आहे. त्याने ताबडतोब क्षेत्राच्या मध्यापासून दूर वळावे आणि नियंत्रण कक्षाशी किंवा संकटकालीन कंप्रतेवर संपर्क साधावा. अर्थ ठाऊक नसेल तर इशारा निरर्थक ठरतो. म्हणूनच राजधानीपासून साठ सागरी मैलांच्या आत दृष्टीच्या आधारे विमान चालविणाऱ्यांना २००९ पासून विशेष प्रशिक्षण सक्तीचे करण्यात आले.

या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. दाट ढगांतून वा धुक्यातून प्रकाश पोहोचत नाही. दुष्ट हेतूने येणारा तर इशाऱ्याला जुमानणारच नाही. परंतु तिचे खरे मोल यातच आहे. चुकलेला माणूस इशारा मिळताच वळतो, आणि त्याचे वळणे हीच त्याच्या निरपराधित्वाची साक्ष ठरते.

तोच किरण, पण घातक

या झोताची तीव्रता डोळ्यांना इजा होणार नाही अशीच ठेवलेली असते. हौसेने किंवा खोडसाळपणे विमानावर रोखलेल्या लेसरचे तसे नाही. रात्री उतरताना वैमानिकाची दृष्टी अंधाराला सरावलेली असते. अशा वेळी काचेवर पडलेला झोत सर्वत्र फाकतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी त्याला धावपट्टी दिसेनाशी होते. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात असे तेरा हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले. तेथे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

आपल्या राज्यालाही हा विषय परका नाही. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मलबार हिलवरील पारशी समाजाचे दखमे यांच्यावरील आकाशाची निषिद्ध क्षेत्रे म्हणून नोंद विमान नियमांच्या परिशिष्टात झालेली आढळते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील लेसर झोतांवर २०२४ मध्ये पुणे पोलिसांना मनाई आदेश काढावे लागले. मिरवणुकीतील तरुणाला आकाशात नाचणारी हिरवी रेषा मौजेची वाटते. त्याच वेळी लोहगावकडे उतरणाऱ्या विमानात शंभरावर प्रवासी एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबून असतात. त्या डोळ्यांची काळजी जमिनीवरील प्रत्येकाने वाहिली पाहिजे.