वीज बसते कोठे?

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे घरोघर ऐकू येते. आभाळ गडगडू लागले की पायाळू मुलाला ओसरीवरून आत ओढून घ्यावयाचे, ही आजीची पहिली आज्ञा. मूल आत आले हे उत्तमच झाले, पण कारण मात्र चुकले. आपण कसे जन्मलो याची वीज चौकशी करीत नाही. उंच कोण, उघड्यावर कोण आणि धातूच्या कवचात कोण, एवढेच तिच्या लेखी महत्त्वाचे. हा विषय केवळ शाळेच्या पुस्तकातला नव्हे. एकट्या २०२२ साली भारतात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. विद्युत्-भार कोठे बसतो हे ज्याला कळले, त्याला पावसाळी आभाळाखाली कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये, हेही आपोआप कळते.

कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकची फणी फिरवून ती कागदाच्या कपट्यांजवळ धरली, की कपटे उड्या मारून फणीला चिकटतात. फणी त्यांना शिवलेलीही नसते. भाराभोवतीच्या ज्या परिसरात अशी ओढ किंवा ढकल जाणवते, त्याला विद्युत्-क्षेत्र म्हणतात. आपण रोज अशाच एका क्षेत्रात वावरतो. निरभ्र दिवशी जमिनीलगत ते मीटरला सुमारे १०० व्होल्ट असते आणि गर्जणाऱ्या ढगाखाली १० हजारांवर जाते. पण कोरड्या हवेचा बांध फोडावयाचा तर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. मग हजारांचे लाख होतात कोठे? त्याचे उत्तर भाराच्या मांडणीत आहे.

चांदीचा पेला आणि बुचाची गोळी

१७५५ च्या सुमारास अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने एक साधा प्रयोग केला. चांदीच्या पेल्याला वीजभार दिला आणि रेशमी दोऱ्याला बांधलेली बुचाची गोळी आत सोडली. बाहेरून जवळ नेली तर हीच गोळी पेल्याकडे ओढली जाई. आत मात्र ती निवांत लोंबत राहिली. फ्रँकलिनला कारण उमगेना. त्याने ते कोडे इंग्लंडमधील आपला मित्र जोसेफ प्रीस्टली याच्याकडे धाडले. प्रीस्टलीने प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि १७६७ साली मोठी मार्मिक गोष्ट लिहिली. पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य होते, हे न्यूटनने आधीच दाखविले होते. तेव्हा विजेचा नियमही तसाच असला पाहिजे, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर जोर चौथाईवर येत असला पाहिजे!

हे कसे ते पाहू. पोकळ गोळ्यावर भार सारखा पसरला आहे. आतला एक बिंदू घ्या, असा की एका बाजूची भिंत जवळ आणि समोरची दुप्पट लांब. त्या बिंदूपासून दोन्हीकडे सारख्याच तोंडाचे शंकू काढले, तर लांबच्या भिंतीचा चौपट मोठा तुकडा शंकूत सापडतो. म्हणजे तिकडे भार चौपट, पण अंतरामुळे जोर चौथाई. दोन्ही बाजूंची ढकल अगदी बरोबरीची होते. साऱ्या दिशांचा हिशेब असाच फिटतो आणि आत उरते ते शून्य.

गोळ्याऐवजी पेला, डबा किंवा पेटी असली तरी फारसा फरक पडत नाही. धातूतील भार हलावयास मोकळे असतात. आत क्षेत्र उरले, तर ते त्यांना ढकलीत राहील. म्हणून आतले सारे शांत होईपर्यंत ते जागा बदलतात आणि अखेर बाहेरच्या पृष्ठावर जाऊन स्थिरावतात. हेन्री कॅव्हेंडिशने १७७३ च्या सुमारास एकात एक गोळे ठेवून हा नियम फार काटेकोरपणे पडताळला होता. पण हा गृहस्थ इतका अबोल की ते त्याने छापलेच नाही. १८७९ साली मॅक्सवेलने त्याची टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली.

पिंजऱ्यातला शास्त्रज्ञ

यावर कळस चढविला मायकेल फॅरडेने. लोहाराचा हा मुलगा बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करता करता शास्त्रज्ञ झाला. १८३६ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने १२ फूट लांबरुंद आणि तितकीच उंच अशी लाकडी चौकट उभारली. ती तांब्याच्या तारांनी व धातूच्या वर्खाने मढविली, जमिनीपासून अलग केली आणि यंत्राने तिला जबर वीजभार दिला. मग पेटत्या मेणबत्त्या व नाजूक मापके घेऊन स्वारी स्वतः आत जाऊन बसली. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आत मापकाचा काटाही हलला नाही.

याची चुणूक घरीही पाहता येते. छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावा आणि फराळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट बसवा. गाणे थांबते. बाहेरच्या लहरींचे क्षेत्र पत्र्यापाशीच अडले!

टोकाची गर्दी

बाहेर बसलेला भारही सर्वत्र सारखा नसतो. सपाट भागावरच्या भाराला चोहोबाजूंनी शेजारी दाबतात. टोकावर शेजारी एकाच बाजूला, म्हणून तेथे गर्दी होते. तारेने जोडलेल्या दोन गोळ्यांपैकी एक दहापट लहान असेल, तर त्याच्या पृष्ठालगतचे क्षेत्र दहापट तीव्र असते. ढगातून विजेची वाट खाली उतरू लागली की कळस, माड, उघड्या रानातला माणूस अशा उंच टोकांपाशी हजारांचे लाख होतात ते यामुळेच.

फ्रँकलिनने म्हणूनच वीजवाहकाची सळई अणकुचीदार केली. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला या बंडखोर अमेरिकनाचा इतका राग, की त्याने आपल्या राजवाड्यावर बोथट सळया बसविल्या. मौज अशी की न्यू मेक्सिकोतील डोंगरावर सात वर्षे दोन्ही प्रकारच्या सळया उभ्या करून पाहिल्या, तेव्हा वीज बोथट सळयांवरच पडली. २००० साली हे प्रसिद्ध झाले. फार तीक्ष्ण टोकातून भार आधीच हवेत झिरपतो आणि टोकाभोवती जणू पडदा धरतो, असा त्याचा उलगडा. राजाने रागाच्या भरात केलेले काम अगदीच वाया गेले नव्हते!

मग आपण काय करावे?

बंद मोटारगाडीत बसलेला माणूस वाचतो तो रबरी चाकांमुळे नव्हे. कित्येक किलोमीटर हवा चिरून आलेल्या विजेला चार बोटे रबर ते काय! वाचविते ते पत्र्याचे कवच. वीज त्याच्या बाहेरून जमिनीत उतरते. म्हणून काचा लावून आत बसावे आणि धातूला हात लावू नये. कापडी टपाची रिक्षा आणि स्कूटर यांना असे कवच नाही. पक्के घर चांगले, पण वीज चमकत असता नळ आणि तारा असलेली उपकरणे यांपासून दूर राहावे.

झाडाखाली मात्र मुळीच थांबू नये. खोडातून उतरणारी वीज बाजूच्या माणसावर उडी घेते आणि जमिनीतही पसरते. गुरांच्या पुढल्या व मागल्या पायांत अंतर मोठे, त्यामुळे व्होल्टमधला फरकही मोठा. म्हणून ती अधिक दगावतात. रानात अडकलेच तर दोन्ही पाय जुळवून, अंग चोरून बसावे आणि फट मिळताच पक्के घर गाठावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. गावाकडच्या नातलगांना ते या दिवाळीत अवश्य दाखवावे. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच थांबावे, पायाळूंनी आणि इतरांनीही.