बटाट्याची सड : जंतू ओळखा, तोटा टाळा

कांदा-बटाट्याच्या धंद्यातील आपल्या बागवान बांधवांना हा अनुभव नवा नाही. वरून चांगली दिसणारी गोणी उघडावी, तर आत पाच-सहा बटाटे लिबलिबीत झालेले, पाणी सुटलेले आणि दुर्गंधी येणारे! मग शेतकरी, ट्रकवाला आणि वखारवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. या सडीमागचा जंतू प्रयोगशाळेत कसा ओळखतात, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ही 'मऊ कूज' जिवाणूंमुळे होते. बटाट्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. हे जिवाणू तो पदार्थच विरघळवतात. असा जिवाणू अमेरिकेत एल. आर. जोन्स यांनी १९०१ साली गाजरावर नोंदवला. पुढे हे जंतू 'एर्विनिया' या गटात गणले गेले. आज त्यांचे 'पेक्टोबॅक्टेरियम' आणि २००५ साली वेगळा केलेला 'डिकेया' असे गट मानतात.

तपासणी कशी होते?

सडक्या भागाच्या कडेचा नमुना पेक्टिनयुक्त थरावर वाढवतात. पेक्टिन खाणारा जंतू असेल, तेथे खड्डा पडतो. नंतर तो जंतू चांगल्या बटाट्याच्या कापावर लावून काप सडतो का, ते पाहतात. ऑक्सिडेज चाचणीत रंग जांभळा झाला, तर संशय स्यूडोमोनास जातीवर जातो. वरील दोन्ही गटांत रंग बदलत नाही. इंडोल व फॉस्फटेज या चाचण्यांत डिकेया सहसा होकार देतो, तर पेक्टोबॅक्टेरियम बहुधा नकार. हल्ली डीएनए तपासणीने हे आणखी नक्की करतात.

व्यापाऱ्याने काय करावे?

जंतूचे नाव कळले, तरी दोष कोणाचा हे ठरत नाही. चांगल्या दिसणाऱ्या बटाट्यातही तो दडून असतो आणि ओल, ऊब व जखम मिळताच वाढतो. सडलेला बटाटा कोणत्याही औषधाने सुधारत नाही. म्हणून ओला माल भरू नये, गोण्या आपटू नयेत, कापलेला माल वेगळा काढावा. शीतगृहातून काढलेल्या बटाट्यावर दव धरते. तो हवेशीर जागी सुकू द्यावा. बियाण्याचा व्यापार करणाऱ्यांनी मात्र तपासणीसाठी कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे जरूर विचारणा करावी.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. सडका बटाटा गोणीच्या तळाशी दडवणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. तो ग्राहकाचा विश्वास घालवतो आणि शेजारचा चांगला मालही नासवतो. बरकत स्वच्छ व्यवहारात आहे.