पाळीचा त्रास : शस्त्रक्रियेआधीच्या पायऱ्या

शेतात राबणाऱ्या स्त्रीला पाळीच्या दिवसांत विश्रांती क्वचितच मिळते. ओटीपोटातील कळा आणि कंबरदुखी सोसत निंदणी, कापणी, ऊसतोड चालूच राहते. ऊसतोडीत एका दिवसाचा खाडा झाला, तरी उचलीच्या हिशेबातून पैसे कापले जातात. अशा वेळी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेचा मार्ग वाटू लागतो. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे सहांपैकी एकीचे, गर्भाशय काढल्याचे आढळले. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने हे वास्तव समोर आणले. त्यापूर्वी २०१२ मध्ये रायपूर आणि छत्तीसगडच्या इतर भागांतील अनावश्यक शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले होते.

कीड दिसताच फवारणी करू नये. आधी निरीक्षण, मग सौम्य उपाय आणि नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच औषध, हे एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे सूत्र शेतकऱ्यांना परिचित आहे. पाळीच्या त्रासालाही हाच क्रम लागू पडतो.

वेदनेचे कारण

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, तेथील रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरणारी अशी वेदना बहुधा आजाराची खूण नसते. रक्तक्षय असल्यास मात्र थकवा व चक्कर वाढते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात ५४.२ टक्के, तर छत्तीसगडमध्ये ६०.८ टक्के आहे.

ताटातील उपाय

प्रौढ स्त्रीला दररोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते. इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित झालेल्या ‘धनशक्ती’ बाजरीत किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. त्यामुळे २०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून जवळपास निम्मी गरज भागू शकते. जोडीला मोड आलेली मटकी, तीळ आणि हिरव्या पालेभाज्या असाव्यात. रायपूरच्या गुढियारीसारख्या वस्तीत लालभाजी आणि मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी घरोघरी परिचित आहे. विदर्भातील जवसाची चटणीही आहारात ठेवावी. जेवणात लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. चहामुळे ते शोषण घटते. म्हणून जेवण व चहा यांत किमान तासाचे अंतर ठेवावे. गुळाने तरतरी येते, पण त्यावर लोहाची भिस्त ठेवू नये. रक्तक्षय असल्यास केवळ आहार पुरत नाही. आरोग्य केंद्रातील लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

साधे उपचार

ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक आराम देतो. मात्र त्वचा भाजणार नाही, याची दक्षता घ्यावी. नियमित चालणे व हलका व्यायाम यांनीही वेदना कमी होते. पहिल्या तीन-चार दिवसांत सुंठ घेतल्याने दुखणे घटल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि जेवणानंतरच घ्यावी. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

पातळी ओलांडल्याची लक्षणे

रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकणे, तासा-दोन तासांत पॅड भिजणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्त जाणे, वेदना दर महिन्याला वाढत जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव वा ताप येणे, यांपैकी काहीही आढळल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास कारण, पर्याय आणि परिणाम विचारावेत व शक्यतो सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले आहेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी महिला शेतकरी मेळाव्यात बियाण्याच्या पिशवीबरोबर ही माहितीही पोहोचवावी आणि आशा सेविकेला सोबत घ्यावे. मुकादम व घरातील पुरुष यांच्यापर्यंतही ती पोहोचली पाहिजे. कारण विश्रांतीच्या एका दिवसाचा निर्णय अनेकदा त्यांच्याच हाती असतो.