लेकीचा वाटा आणि कायद्याच्या तारखा

एकाच आईबापांच्या दोन मुली. पण थोरलीचं लग्न २२ जून १९९४ पूर्वी लागलेलं आणि धाकटीचं नंतर. महाराष्ट्रात तेवढ्यावरून वडिलोपार्जित जमिनीत धाकटी वाटेकरी ठरली आणि थोरली बाहेर राहिली. लेकीच्या वारसाहक्काचा प्रवास अशा तारखांच्या रेघा ओलांडतच झाला आहे.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. विकण्या-देण्याचा मोकळा अधिकार नाही. हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. त्याच बिलाचा एक तुकडा १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा म्हणून आला. त्याने बायकांची मर्यादित मालकी पूर्ण केली, बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्मसिद्ध हक्क मुलाचाच राहिला. समजा, बारा एकर जमीन, आई आधीच वारलेली, मागे एक मुलगा, एक मुलगी. बाप मृत्युपत्र न करता गेला की आधी कागदोपत्री वाटणी: सहा मुलाचे, सहा बापाचे. मग बापाचे सहा दोघांत निम्मे. मुलाला नऊ, मुलीला तीन.

हा हिशेब आधी राज्यांनी मोडला. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची मालकीच रद्द केली. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने मुलीला जन्मापासून सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखी वाटेकरी केलं. पण आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. ज्या वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, त्याच वर्षी महाराष्ट्राचा हा अर्धा दरवाजा उघडला.

तो पूर्ण उघडला केंद्राने. ९ सप्टेंबर २००५ पासून लग्नाची अट गेली. तरी नवा वाद उभा राहिला: त्या दिवशी बाप हयात हवा का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय हो म्हणालं, २०१८ च्या निकालात २००१ मध्ये वारलेल्या बापाच्या मुलींनाही वाटा मिळाला. ही विसंगती ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटली: हक्क जन्माने येतो, बापाच्या हयातीने नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं तेवढी कायम राहिली.

आता अडसर कलमात नाही, हक्कसोड पत्रात आहे. वारसनोंदीच्या वेळी बहिणींची नावं लागतात आणि लगोलग 'माहेर तुटायला नको' म्हणून सह्या घेतल्या जातात. स्वखुशीने हक्क सोडायला कायद्याची हरकत नाही. पण किती एकर सोडतोय हे सातबारा पाहून कळलेलं नसेल, आणि नाही म्हटल्यास भाऊबीज बंद होण्याची धास्ती असेल, तर त्या सहीला खुशी म्हणता येत नाही. पुढची सुधारणा विधिमंडळाने नव्हे, भावांनी करायची आहे.